पोर काय बोललं?

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीतली काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. अशा मुलांना समुपदेशक हवा, हे वेगळं सांगायला नको. पण मूल आधी कसं होतं, हे वर्गशिक्षकालाच ठाऊक. बडबडं पोर गप्प झालं, वही कोरी राहू लागली, ही नोंद त्याची; तिचा अर्थ लावणं समुपदेशकाचं काम. कर्जतकडच्या कातकरी वाड्यांतली अनेक मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर जातात. परतल्यावर त्यांचं ‘लक्ष नसतं’ म्हणजे नेमकं काय, हेही दोघांनी मिळूनच शोधायचं. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवाच, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये बजावलं. कमी पटाच्या संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळा बहुधा या दुसऱ्या गटातल्या, म्हणजे रोजची भिस्त गुरुजींवरच. घोडं अडतं ते गुप्ततेपाशी. ‘पोर काय बोललं?’ असं शिक्षक विचारतात, समुपदेशक ओठ मिटून घेतो आणि दोघांत अढी बसते. यावर तोडगा आहे: मूल काय बोललं ते सांगू नये, वर्गात काय करावं ते जरूर सांगावं. त्याला मित्राशेजारी बसवा, महिनाभर सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका, एवढंही पुरतं. जिवाला धोका दिसला तर मात्र गप्प राहायचं नाही. आणि लैंगिक अत्याचाराची कुणकुण लागली, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं दोघांवरही बंधनकारक आहे.