एकेका चेंडूत प्राण : तोबिता सुइशू यांना कोणत्या रकान्यात बसवायचे?

जपानी बेसबॉलमधील लष्करी शिस्तीचा उगम शोधणारे बहुतेक लेखन एका नावापाशी येऊन थांबते : वासेदा विद्यापीठाचे प्रशिक्षक तोबिता सुइशू (१८८६–१९६५). ते जरा लवकरच थांबते.

१९१० मध्ये शिकागो विद्यापीठाचा संघ जपानला आला आणि वासेदाला त्याच्याविरुद्ध एकही सामना जिंकता आला नाही. वासेदाचे कर्णधार होते तोबिता. हा पराभव त्यांच्या जिव्हारी लागला. त्यांनी कर्णधारपद सोडले. १९१९ मध्ये ते प्रशिक्षक म्हणून परतले ते जुना हिशेब चुकता करण्यासाठी. १९२५ मध्ये वासेदाने शिकागोला हरवले आणि तोबितांनी पद सोडले. अवघ्या सहा वर्षांची ही कारकीर्द.

या सहा वर्षांतील सरावाला ‘मरणाचा सराव’ असे नाव पडले. खेळाडू मैदानावर कोसळेपर्यंत त्याच्याकडे चेंडू मारत राहायचे, ही ती पद्धत. एकेका चेंडूत प्राण ओतावा, हे त्यांचे सूत्र. बेसबॉल त्यांच्या लेखी करमणूक नव्हती. सामुराईच्या व्रतासारखी ती साधना होती. व्यावसायिक बेसबॉलविषयी त्यांना तिटकारा होता, तो यामुळेच. पुढे ‘असाही शिंबुन’ या वृत्तपत्रातील त्यांच्या लेखनातून हा विचार विद्यापीठाबाहेर दूरवर पोहोचला. त्यातील क्रौर्य नाकारण्याचे कारण नाही. (गंमत अशी की, वासेदाचा बेसबॉल संघ उभा करणारे आबे इसो ख्रिस्ती समाजवादी आणि युद्धविरोधक होते. रशिया-जपान युद्ध चालू असताना, १९०५ मध्ये, त्यांनी हा संघ अमेरिकेला नेला होता.)

एवढ्यावरून तोबितांना युद्धखोर राजवटीचे क्रीडा-पुरोहित ठरवणे सोपे जाते. पण मग १९४३ चे काय करायचे?

त्या वर्षी शिक्षण मंत्रालयाच्या आदेशाने तोक्योतील सहा विद्यापीठांची बेसबॉल लीग विसर्जित झाली. शत्रूचा खेळ म्हणून बेसबॉलकडे संशयाने पाहिले जात होते. तोबितांनी वासेदाच्या खेळाडूंचा सराव तरीही चालू ठेवला. शरद ऋतूत मानव्य शाखांच्या विद्यार्थ्यांची सैन्यभरतीतील सवलत रद्द झाली. मुले आघाडीवर जाण्यापूर्वी एक सामना व्हावा, अशी केइओ विद्यापीठाची इच्छा होती. वासेदाचे प्रशासन कचरत होते. तोबितांनी तो सामना घडवून आणला.

१६ ऑक्टोबर १९४३ रोजी वासेदाच्याच तोत्सुका मैदानावर तो झाला. केइओचे प्रमुख कोइझुमी शिंझो विद्यार्थ्यांमध्ये जाऊन बसले.

या एका दुपारीवरून तोबितांना उदारमतवादी म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल. त्यांनी युद्धाला विरोध केला नाही. मुलांनी जावे की नाही, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केल्याचे दिसत नाही. त्यांनी राखला तो खेळ. परंतु ज्या निष्ठेतून ‘मरणाचा सराव’ जन्मला, तीच निष्ठा मंत्रालयाच्या इच्छेविरुद्ध उभी राहिली, हे लक्षात घ्यायला हवे. बेसबॉल त्यांना राज्याच्या सोयीपेक्षा मोठा वाटत होता. त्यांच्या कठोरपणाला सरसकट सैनिकी म्हणताना हा भाग निसटून जातो.

वासेदाने सामना १०–१ असा जिंकला. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या विद्यापीठांची गीते गायिली. नंतर सर्वांनी मिळून ‘उमी युकाबा’ हे सम्राटासाठी मरण पत्करण्याचे गीत गायिले. पाचच दिवसांनी विद्यार्थी-सैनिकांचा निरोप समारंभ झाला. त्या दुपारी मैदानात असलेल्यांपैकी काही जण युद्धातून परतले नाहीत.