निर्व्यसनी घरातील यकृतविकार

जालन्याच्या मोंढ्यात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या जैन कुटुंबांत मद्याला थारा नसतो. त्यामुळे सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द आढळले की घरात प्रथम आश्चर्य उमटते. दारूला कधी स्पर्श केला नाही, मग यकृत बिघडले कसे?

गरजेपेक्षा अधिक साखर व पिष्टमय पदार्थ पोटात गेले की यकृत त्यांचे चरबीत रूपांतर करते. बैठे काम व वाढते पोट यांमुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि चरबी यकृतातच साठत जाते. तिचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक झाले की तो विकार मानला जातो. मैदा, मिठाई, तळलेले फरसाण हे सर्व शाकाहारीच असते. दिवसभर गादीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांसोबत घेतलेला गोड चहा कोणी हिशेबात धरत नाही. यकृताच्या खात्यावर मात्र तो जमा होतो. जालन्याची भौगोलिक मानांकनप्राप्त मोसंबीही साखर घालून रस पिण्याऐवजी फोडी करून खावी.

हा विकार वर्षानुवर्षे मूक राहतो. पुढे यकृताला सूज येते, व्रण पडतात आणि काहींच्या बाबतीत सिरोसिस होतो. म्हणून मधुमेही व स्थूल व्यक्तींनी वेळीच तपासणी करावी. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. वजन जास्त असल्यास ते हळूहळू ७ ते १० टक्के घटविल्याने यकृताची सूजही उतरू शकते. आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपाझप चालावे.

बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशनानंतर ऊणोदरी येते, तसेच रसपरित्यागही येतो. त्यांचे प्रयोजन कर्मनिर्जरा हेच आहे. तथापि भुकेपेक्षा दोन घास कमी आणि तूप-साखरेवर मर्यादा, हा नियम यकृतालाही मानवतो. पर्युषणात उपवास करून पारण्यापासून पुन्हा मिष्टान्नांची रेलचेल झाली, तर देहाला लाभ थोडाच. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी दीर्घ तपापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

अठ्ठाई वर्षातून एकदा होते. ऊणोदरी रोजच्या ताटावर साधता येते. घरातील वडीलधाऱ्यांनी ती आचरली, तर मुलांना वेगळा उपदेश करावा लागत नाही.