दुसऱ्याच्या आईचा निबंध

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावातल्या शाळेत जा आणि पाचवीच्या मराठीच्या वह्या चाळा. ‘माझी आई’ हा निबंध हमखास सापडेल. आई पहाटे उठते, सडा-रांगोळी करते, तुळशीला पाणी घालते, डबा भरून देते, तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणवून घेते. वर्गातल्या सगळ्या मुलांची एकच आई. मार्गदर्शक पुस्तकातून फळ्यावर आलेली आणि फळ्यावरून वहीत उतरलेली. ज्या मुलीने हे सुवाच्य अक्षरात लिहिले, तिची खरी आई त्या पहाटे ऊसतोडीला, सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या फडात, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढत असते. पाचटाने आईचे हात कसे चिरतात, हे मुलीला ठाऊक आहे. खाडा पडला की टोळीचा मुकादम किती कापतो, हेही ठाऊक आहे. यातले एक अक्षर वहीत नाही. निबंधाखाली लाल शाईत शेरा आहे, ‘छान’.

हा शेरा मला अपराध वाटतो. खोटे लिहिल्याबद्दल शाबासकी मिळते, हे त्या मुलीला आपण दहाव्या वर्षी शिकवले. आपल्या घरात जे घडते ते लिहिण्याजोगे नाही, लिहिण्याजोगे असते ते दुसऱ्याच्या घरातले, हेही शिकवले. पुढे हीच मुलगी ग्रामसभेत तोंड उघडत नाही, मारहाण झाली तरी पोलीस पाटलाकडे जात नाही, तेव्हा आपणच म्हणतो, ‘ही माणसं बोलतच नाहीत हो.’

ही माणसे कधीच मुकी नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी पहाटेच्या अंधारात सासर, माहेर, दुष्काळ, नवरा, बाबासाहेब, विठ्ठल असे सगळे आपल्या शब्दांत मांडून ठेवले होते. आपण त्याला ‘लोकसाहित्य’ म्हटले आणि कपाटात ठेवून दिले. त्यात दुःख होते, तक्रार होती, न्यायाची मागणी होती. त्या मागणीला उत्तर द्यायचे असते, हे कोणाच्या मनात आले नाही.

लेखणी हाती आल्यावर काय होते, याचा पुरावा तर आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांचा होत आला. 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे हिचा निबंध छापून आला. जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजाची ही मुलगी. तिने कल्पनेतली सकाळ रंगवली नाही. इमारतीच्या पायात जिवंत गाडल्या गेलेल्या आपल्या माणसांबद्दल लिहिले, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांबद्दल लिहिले, आणि ज्या धर्माचे ग्रंथ वाचायचीही आम्हाला मनाई, तो धर्म आमचा कसा, असा सवाल थेट केला. तो निबंध म्हणजे सबंध व्यवस्थेवरचे आरोपपत्र होते. ज्या वर्गात असे लिहिता येत होते, त्या वर्गाचे आपण काय केले?

1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. सुरतेकडच्या एका विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली, तेव्हा ही बाई संतापून उठली. बाईला दिलेली प्रत्येक शिवी तिने पुरुषाच्या पदरात परत टाकली. पुस्तकावर टीकेचा भडिमार झाला. जोतीराव तिच्या बाजूने उभे राहिले, पण त्यांच्यासारखे किती होते? ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही आणि होते तेही विस्मरणात गेले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा कुठे मराठी वाचकाच्या हाती पडले. नव्वदहून अधिक वर्षे! त्या काळात मराठीत नाटके झाली, संमेलने झाली, अध्यक्षीय भाषणे झाली. एका बाईचा आवाज आपण तीन पिढ्या गाडून ठेवला आणि कोणाला काही चुकल्यासारखेही वाटले नाही.

मात्र सगळा दोष वरच्यांच्या माथी मारून सुटका होत नाही. बेबी कांबळे यांची हकिगत वाचताना माझा जीव कासावीस होतो. फलटणमध्ये त्यांचे छोटेसे दुकान होते. माल बांधायला आलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत. लिहिलेले लपवून ठेवत, एकदोन महिने नव्हे, सुमारे वीस वर्षे. लपवायचे ते घरच्यांपासून. बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेली ही बाई, जिच्या लेखनातून एका सबंध समाजाचे जिणे पुढे उजेडात यायचे होते, तिला स्वतःच्या घरात वही उघडी ठेवण्याची सोय नव्हती. अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्या आग्रहाने ते लेखन बाहेर आले, 1982 साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः छापले गेले आणि 1986 साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. आज ते विद्यापीठांत अभ्यासाला आहे. पण त्या वीस वर्षांचा जाब कोण देणार? आणि आजही गादीखाली, पिठाच्या डब्यामागे, पेटीच्या तळाशी ज्या वह्या आहेत, त्यांचे काय? बहिणीची डायरी शोधून चारचौघांत वाचणारा भाऊ आणि ‘घरातलं चव्हाट्यावर मांडतेस?’ म्हणून वही चुलीत घालणारा बाप मला गावोगाव भेटतात. त्यांतले काही स्वतःला पुरोगामी म्हणवतात.

ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीच्या एका हंगामी वसतिगृहात काही काळ मी मुलांना लिहिते करायचा प्रयत्न केला. अटी साध्या होत्या: मार्गदर्शक बंद, घरची बोली चालेल, खाडाखोड चालेल, गुण नाहीत. पहिले काही दिवस कोणी काही लिहीना. ‘ताई, हे पेपरात येणार का?’ एवढेच विचारायचे. मग सातवीतल्या एका मुलीने चार ओळी लिहिल्या. मागच्या हंगामात खोपीवर असताना आई-बाप फडात गेले की धाकटा भाऊ ट्रकखाली जाईल या भीतीने ती त्याचा पाय दोरीने खाटेला बांधून ठेवायची, आणि तो रडायला लागला की तीही त्याच्याशेजारी बसून रडायची. तिच्या संमतीने ते वाचून दाखवले. त्या रात्री दिवे मालवायची वेळ झाली तरी पोरे लिहीत होती.

शाळेच्या कारभाऱ्यांपर्यंत हे लेखन गेले, तेव्हा उत्तर आले, असले लिहून शाळेचे नाव खराब होते. मुलांकडून ‘सकारात्मक’ काही लिहून घ्या. लेकराच्या पायाला दोरी बांधावी लागते याने कोणाची मान खाली गेली नाही. ते कागदावर आले याने गेली.

त्या मुलीने पुढे जे केले ते मला कुठल्याही कवितेइतके मोलाचे वाटते. वहीच्या मागच्या पानांवर तिने हिशेब मांडायला घेतला. रोज रात्री आईला फोनवर विचारून किती टन तोड झाली, किती खाडे पडले, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतले किती फिटले, ते सगळे तारीखवार. आजवर त्या घरात हिशेबाची वही एकच होती, ती मुकादमाची, आणि तीवर आईबापाचा अंगठा. हंगाम संपला तेव्हा दोन वह्या जुळेनात. मुकादमाने पोरीला शिकवून डोक्यावर बसवल्याचे बापाला ऐकवले, पण त्या वर्षी पहिल्यांदा मुकादमाला खाटेवर बसून एकेक दिवस समजावून सांगावा लागला. पुढच्या पानांवर गोष्ट आणि मागच्या पानांवर हिशेब: दोन्ही एकाच धैर्यातून आले होते. जिला आपले दुःख शब्दांत मांडता आले, तिला आपले येणे आकड्यांत मागता आले. हे ज्यांना कळते, तेच अशा लेखनाला घाबरतात.

आणखी एक पाप हल्ली वाढले आहे, तेही बोलून टाकते. मदत देणाऱ्यांपुढे गरिबांना उभे करून त्यांची ‘कहाणी’ सांगायला लावायची. फोटो, दोन अश्रू, शेवटी आभार. कहाणी त्यांची, पण काय सांगायचे ते दुसऱ्याने ठरवलेले. स्वतःहून लिहिणारा माणूस आभारापाशी थांबेलच असे नाही, तो तुमच्याबद्दलही लिहील. ती तयारी नसेल तर त्याच्या हाती कागद देण्याचे नाटक करू नका.

शिक्षकांना माझे सांगणे आहे: मुलाच्या बोलीवर लाल रेघ ओढण्याआधी तो काय सांगतो आहे ते वाचा. अहिराणी, गोरमाटी, पावरी बोलणाऱ्या मुलाचे पहिले वाक्य त्याच्या भाषेत येऊ द्या. प्रमाण मराठी तो नंतर शिकेल, पण पहिल्याच वाक्याला लाज वाटली तर दुसरे येणार नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. सोपानदेवांनी आईचे शब्द तिच्या बोलीत टिपून ठेवले म्हणून ते 1952 साली छापून आले आणि महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. ते शब्द त्यांनी ‘शुद्ध’ करून उतरवले असते तर आपल्या हाती काय उरले असते?

आणि गावच्या कारभाऱ्यांना: सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा आहे, अनुदानही मिळते. तरी कितीतरी गावांत ग्रंथालय म्हणजे एक फळा, एक कुलूप आणि तपासणीच्या दिवशी उघडणारे दार. दसरा झाला की ऊसतोडीला कोयते निघतील आणि आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुली संध्याकाळी दिवा असलेली जागा शोधतील. ती खोली रोज दोन तास उघडा, तिथे एक जबाबदार बाई बसवा, कोऱ्या वह्या ठेवा, आणि त्या वह्यांसाठी एक कपाट द्या, ज्याची किल्ली मुलींकडेच राहील.