श्रद्धा बदलली म्हणून माणूस नाहीसा करणार?

मलय कोणाला म्हणायचे, हे मलेशियाच्या राज्यघटनेने अनुच्छेद १६० मध्ये ठरवून टाकले आहे. जो इस्लाम मानतो, नेहमीच्या व्यवहारात मलय बोलतो आणि मलय रीतिरिवाज पाळतो, तो मलय. यातली पहिली अट सुटली की उरलेल्या दोन्हींची किंमत शून्य. आईच्याच भाषेत प्रार्थना करणारी मुलगी बाप्तिस्मा घेताच परकी ठरते. हा उघड अन्याय आहे, आणि समाज तो कायद्याच्या आडून करतो आहे.

लीना जॉय १९६४ साली मुस्लिम मलय घरात जन्मली. १९९८ मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. ओळखपत्रावर ‘लीना जॉय’ हे तिचे नवे नाव लागले, पण ‘इस्लाम’ हा शब्द काढायला सरकार तयार होईना. तो शब्द असेपर्यंत ख्रिस्ती माणसाशी तिचे लग्न कायद्याने होऊ शकत नव्हते. अनुच्छेद ११ प्रत्येकाला धर्मस्वातंत्र्य देतो, त्याच आधारावर ती लढली. ३० मे २००७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तिचे अपील फेटाळले. आधी शरिया न्यायालयाचा दाखला आणा, म्हणाले. आणि दाखला मागणाऱ्याच्या वाट्याला अनेक राज्यांत काय येते? चौकशी, शिक्षा, किंवा ‘श्रद्धा सुधारण्याचे’ केंद्र. न्यायमूर्ती रिचर्ड मलंजुम यांनी एकट्याने या अटीला भेदभाव म्हटले, याची इतिहासाने नोंद ठेवावी.

नेगरी सेंबिलान राज्यात न्योन्या ताहिर नावाची वृद्धा मुस्लिम म्हणून जन्मली आणि बौद्ध म्हणून जगली. ती मुस्लिम नव्हती, हे शरिया न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केले. पण कधी? तिचा देह अंत्यसंस्कारासाठी ताटकळत पडल्यावर!

न्यायालयाच्या पायऱ्या चढणारे थोडे. बाकीचे लपून राहतात. सणाला घरी जायचे तर मन झाकून जायचे, नाहीतर जायचेच नाही. बापाच्या मालमत्तेत वाटा नाही. मेल्यावर आपल्याला कोण, कोणत्या रीतीने पुरणार, हेही ठाऊक नाही. चार जण कोणाच्या तरी खोलीत दार लावून जमतात, तिथेही नवा चेहरा दिसला की खबऱ्या तर नाही ना, ही धास्ती. ज्यांना समाजाने बाहेर काढले त्यांना आपसांत समाज होऊन जगण्याचीही सोय नाही, हे मला सर्वांत निर्दय वाटते. आणि चर्चही यातून सुटत नाही. दारात मलय माणूस आला की कारवाईच्या भीतीने त्याला हळूच परत पाठवणाऱ्या मंडळींनी आपल्या प्रभूला काय उत्तर द्यायचे ते ठरवावे.

धर्म गेला की मलयपण जाते, असे निक्षून सांगणाऱ्यांनी शेजारच्या जावा बेटाकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकात सद्राख या जावानी गुरूने तिथे हजारोंची ख्रिस्ती मंडळी उभी केली. ती माणसे जावानीच राहिली. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी अभंगांतूनच ख्रिस्त गायला. त्यांनाही बहिष्कार सोसावा लागला, आपले हातही स्वच्छ नाहीत. पण धर्मांतराने वारसाहक्क जाणार नाही, असा कायदा तरी या देशात १८५० पासून होता.

इस्लामची सेवा म्हणून हे सारे चालवणाऱ्यांना मी विचारतो: धर्मात सक्ती नको, ही शिकवण तुमच्याच ग्रंथात आहे ना? दार बाहेरून कुलूपबंद असेल तर आत नमाज पढणारा मनापासून पढतो की भीतीने, हे तुम्ही तरी कसे ओळखणार? या सक्तीने निष्ठावान मुसलमानाचीही श्रद्धा संशयास्पद करून टाकली आहे.

१९८७ मध्ये मलयांत ख्रिस्ती धर्म पसरवतो म्हणून जमालुद्दीन उस्मान यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली डांबले. न्यायालयाने त्यांना सोडले आणि १९८९ मध्ये वरच्या न्यायालयाने ती सुटका कायम केली. म्हणजे न्यायाची वाट मलेशियाला सापडली होती, नंतर ती सोडून दिली. नोव्हेंबर २०१६ मध्ये धर्मांतरित मलय पास्टर जोशुआ हिल्मी आणि त्यांची पत्नी रूथ नाहीसे झाले. ते कुठे आहेत याचे उत्तर सरकारने द्यावे, आणि श्रद्धा बदलणाऱ्याला ओळखपत्रावरून ‘इस्लाम’ शब्द साध्या अर्जावर काढून द्यावा, कोणाच्याही दाखल्याविना.