शवासन : नुसते पडणे नव्हे!

फराळाचे डबे भरून झाले की घरातली बाई ‘जरा पाठ टेकते’ म्हणते आणि पडल्यापडल्या दूधवाल्याचा हिशेब करते. ही काही विश्रांती नव्हे. शवासन दिसायला सोपे, पण साधायला पुष्कळ दिवस लागतात.

सतरंजीवर उताणे निजावे. पायांत वीत-दीड वीत अंतर, हात अंगापासून जरा दूर, तळवे वर. मग पायाच्या बोटांपासून एकेक अवयव मनाने चाचपीत ढिला सोडावा. जबडा बहुधा सर्वांत उशिरा सुटतो; दिवसभर आपण दातांवर दात धरून वावरतो, हे तेव्हा कळते! श्वास मुद्दाम लांबवू नये, तो येतो-जातो कसा एवढेच पाहावे. डोळा लागला तर बिघडत नाही. मात्र ती झोप झाली, शवासन नव्हे.

‘हठप्रदीपिके’त या आसनाने थकवा जातो व चित्ताला विसावा मिळतो, असे सांगितले आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी ते रक्तदाबाच्या ४७ रोग्यांना करायला लावले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात पुष्कळांचा दाब उतरल्याची व काहींची औषधे कमी करता आल्याची नोंद आहे. ती कमी झाली डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

उठताना कुशीवर वळून, हात टेकून सावकाश बसावे. आणि तेवढी वीस मिनिटे दाराची कडी वाजलीच, तर ती यजमानांनी काढावी!