जिद्दा ते तेर : पाच तास?

“जिद्दा काय लांब आहे? पाच तासांत माणूस येतो.” अम्मीच्या दफनाच्या दिवशी हे वाक्य अंगणात तीन-चार जणांच्या तोंडून ऐकलं. खोटं कशाला बोलू, रागाच्या भरात धाकट्या भावाला फोनवर मीही तेच सुनावलं.

मोबाईलवर विचारलं तर उत्तर तयारच असतं. मुंबई ते जिद्दा हवाई अंतर साधारण 3,500 किलोमीटर, थेट विमानाला पाच-साडेपाच तास. आकडा बरोबर आहे. पण तो विमानतळापासून विमानतळापर्यंतचा, आणि आमच्या घरातलं कुणी विमानतळावर राहत नाही.

अम्मी मंगळवारी फज्रच्या सुमारास गेली. असरनंतर दफन झालं. मय्यत ताटकळत ठेवू नये, हे मला आजही पटतं. भाऊ तिकडे एका घरी ड्रायव्हर. सुट्टीवर येऊन परत जायचं तर एक्झिट-री-एन्ट्री व्हिसा हवा, आणि घरच्या नोकराला त्यासाठी मालकाचा होकार लागतो. मालक बुधवारी दुपारी भेटला. विमान रात्री अकराचं. गुरुवारी सकाळी पावणेसातला मुंबई. इमिग्रेशन, सामान. लातूर एक्सप्रेस रात्रीची. तोवर त्याला थांबवेना, म्हणून बस. धाराशिवहून पुढे तेरला मित्राच्या मोटारसायकलवर. दारात पोहोचला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. म्हणजे 3,500 किलोमीटरला सव्वापाच तास आणि उरलेल्या चारशेच्या वर किलोमीटरला पंधरा. मालकाची वाट पाहण्यात गेलेला वेळ कुठल्याच हिशेबात नाही.

पुढे वर्गात हेच गणित घातलं. रात्री अकराला निघालेलं विमान पावणेसातला उतरलं, प्रवास किती? सगळ्यांनी पावणेआठ तास सांगितलं. एकच मुलगा म्हणाला, “सर, तिथलं घड्याळ अडीच तास मागं असतं.” त्याचे वडील सौदीत आहेत, हे मला तेव्हा कळलं. त्याला हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

आमचं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात लिहिलंय, की तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर आहे आणि इथलं कापड गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जातं. मला ते माप जास्त खरं वाटतं. त्यात चाक, चिखल, मुक्काम सगळं आलं. आपण मात्र आकाशातली सरळ रेघ मोजतो आणि जमिनीवरच्या माणसाला उशिराचा जाब विचारतो. गल्लीत आखातात गेलेली पोरं कमी नाहीत. त्यांच्यातल्या कुणाच्या घरी मय्यत झाली, की “पाच तासांवर असून आला नाही” हे कुणीतरी बोलतंच. निदान मी तरी आता बोलत नाही.

त्या रात्री भावानं बॅगसुद्धा घरात ठेवली नाही. मोबाईलच्या उजेडात आम्ही दोघं कब्रस्तानात गेलो. मातीवरचं पाणी वाळलं होतं. त्यानं विचारलं, “डोकं कोणत्या बाजूला?” मी दाखवलं.