पदकाच्या कडेवरील नाव

जुन्या वस्तूंचा संग्रह करण्याची हौस मनुष्याला केव्हापासून लागली, हे सांगणे कठीण आहे. परंतु ज्याला ती एकदा जडली, त्याची ती सहसा सुटत नाही. कोणी नाणी जमवितो, कोणी पोस्टाची तिकिटे, तर कोणी अडकित्ते आणि दिवे. पुण्याचे दिनकर केळकर यांनी घराघरांतून नित्याच्या वापरातील अशा हजारो वस्तू गोळा केल्या आणि अखेर तो सारा ठेवा राज्य शासनाच्या स्वाधीन केला. या छंदिष्टांमध्येच एक निराळा वर्ग आहे. सैनिकांची जुनी पदके, टोपीवरचे बिल्ले, पलटणींची चिन्हे यांचे त्याला वेड असते. आणि बहुधा त्याच वर्गातील काही जणांना आगगाडीचे जुने कंदील, तिकिटे आणि घंटा यांचाही मोह पडतो.

हा छंद पाहून पुष्कळांना हसू येते. विटलेली फीत आणि काळवंडलेला धातू यांत जपण्यासारखे काय आहे, असे ते विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. नुसत्या धातूकडे पाहिले, तर त्यात खरोखरच फारसे काही नाही. पण वस्तूचे मोल धातूत नसून दुसरीकडेच असते, हे हसणाऱ्यांना ठाऊक नसते. आणि खेदाची गोष्ट अशी, की ते कित्येक संग्राहकांनाही ठाऊक नसते.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, ब्रिटिश सरकारने त्या युद्धात सेवा केलेल्यांसाठी एक पदक काढले. ते वाटोळे असून त्याचा व्यास ३६ मिलिमीटर आहे. एका बाजूला पाचव्या जॉर्ज बादशहाचे मस्तक, तर दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक योद्धा व १९१४ आणि १९१८ ही साले. सैनिकांना ते चांदीचे मिळाले. पलटणीबरोबर राबलेल्या पुष्कळशा मजुरांना व चाकरमंडळींना मात्र तेच पदक काशाचे देण्यात आले. चांदीची पदके साठ लाखांहून अधिक निघाली. तेव्हा हे पदक दुर्मीळ म्हणता येत नाही. मग त्यात विशेष ते काय?

विशेष पाहावयाचे असेल, तर पदक आडवे धरून त्याची कड प्रकाशात फिरवावी लागते. त्या दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या कडेवर बारीक अक्षरे ठोकलेली असतात : शिपायाचा क्रमांक, त्याचा हुद्दा, त्याचे नाव आणि त्याची पलटण. अक्षरे इंग्रजी असतात आणि कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले, तसे नाव लिहिलेले असते. त्यामुळे एखादे ओळखीचे मराठी नावही दोन-तीनदा वाचल्याशिवाय उलगडत नाही. पण एकदा ते उलगडले, की साठ लाखांतले ते एक पदक वेगळे होते. तसे दुसरे पदक जगात कोठेही नसते.

या नावाचे महत्त्व किती, हे कळण्यासाठी इराककडे वळले पाहिजे. त्या युद्धात 'पुणे डिव्हिजन' या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होती. तीत मराठ्यांच्या पलटणी होत्या. कूत-अल-अमारा या गावी तुर्कांनी या सैन्याला वेढा घातला. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला. धान्य संपत आले, तेव्हा घोडी कापून खाण्याची पाळी आली. शेवटी सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती सापडली आणि त्यांतील कित्येक वाळवंटातील वाटचालीत व बंदिवासात मरण पावली.

मेसोपोटेमियातील ज्या मृतांना स्वतंत्र समाधी मिळाली नाही, अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी १९२९ साली बसरा येथे एक भव्य स्मारक उभारण्यात आले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र कोरली नाहीत. पलटणीचे नाव घालून त्याखाली अमुक इतके इतर शिपाई, एवढा आकडा लिहिला आणि काम संपविले! नावे दप्तरात होती, पण दगडाला ती जड झाली. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली या भेदभावाबद्दल जाहीर क्षमा मागितली, ही गोष्ट त्याला भूषणावह आहे; परंतु मधल्या नव्वद-ब्याण्णव वर्षांत त्या शिपायांची मुले आणि बहुतेक नातवंडेही निघून गेली.

आता विचार करावा. बसऱ्याच्या दगडावर ज्याला जागा मिळाली नाही, त्याचे नाव त्याच सरकारने त्याच्या पदकाच्या कडेवर मात्र ठोकले होते. मृताचे पदक त्याच्या घरी पाठविले जात असे. त्याबरोबर सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची काशाची एक तबकडीही वारसांना मिळे. तिच्यावर केवळ नाव असे, हुद्दा नसे; कारण मरणात सुभेदार काय आणि शिपाई काय, सारखेच, असा त्यामागील हेतू होता. जे औचित्य तबकडीवर पाळले गेले, ते स्मारकावर पाळले गेले नाही. तेव्हा रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या घरातील पेटीत पडलेले पदक म्हणजे एखाद्या माणसाचे धातूवर कोरलेले एकमेव नाव असू शकते.

अशा पदकाची गत काय होते? अडचणीच्या वेळी ते सराफाकडे जाते. सराफ दोन-तीन तोळे चांदी म्हणून त्याचे वजन करतो आणि मुशीत टाकतो. यात त्या कुटुंबाला दोष देणे बरे नव्हे; भुकेपुढे इतिहास उभा राहत नाही. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव एकाएकी भडकला, तेव्हा सुखवस्तू देशांतसुद्धा ही पदके मोठ्या संख्येने वितळविली गेली. दुसरे संकट मायेपोटी येते. सणावाराला तांब्यापितळेची भांडी चिंचेने लख्ख केली जातात, त्यांतच पदकही घासून काढले जाते. प्रत्येक वेळी कडेवरची अक्षरे थोडी थोडी झिजतात. आरशासारखे चकाकणारे पदक पाहून घरच्यांना समाधान वाटते, पण जाणता मनुष्य मनातल्या मनात हळहळतो. काळवंडलेले पदक तसेच ठेवावे; कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपावी, एवढे पुरे.

तिसरे संकट संग्राहकच आणतो. एकाच शिपायाला मिळालेली तीन-चार पदके एका पट्टीवर असतात. एखाद्या पदकाला बाजारात भाव जास्त आला, की तेवढे काढून विकले जाते. उरलेली दुसरीकडे जातात. एका माणसाचे आयुष्य असे तीन गावांत वाटले जाते! काही लबाड व्यापारी तर कड कानशीने घासून जुने नाव काढतात आणि तेथे अधिक किमतीचे नाव घालतात. म्हणूनच अनुभवी संग्राहक पदक हाती येताच त्याचा व्यास मोजतो. घासलेले पदक किंचित लहान भरते.

चोरीचाही उल्लेख केला पाहिजे. नाईक किरपा राम यांनी १२ सप्टेंबर १९४५ रोजी सरावाच्या वेळी भलत्याच जागी पडलेला बाँब उचलण्यासाठी धाव घेतली आणि सोबत्यांना वाचविताना स्वतः प्राण गमावले. त्यांना मरणोत्तर 'जॉर्ज क्रॉस' मिळाला. हिमाचल प्रदेशातील त्यांच्या पत्नीने तो पन्नासहून अधिक वर्षे जपला. २००२ साली तो चोरीस गेला; आणि २००९ साली लंडनमधील एका लिलावात विक्रीस आला, तेव्हा ओळखला जाऊन ती विक्री थांबली. पदक कोणाचे, हे जसे पाहावे, तसे ते आपल्या हाती कोणत्या वाटेने आले, हेही पाहावे. जो संग्राहक हा दुसरा प्रश्न विचारीत नाही, त्याला संग्राहक म्हणणे कठीण आहे. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठविण्यास आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या वयाची झाली आहेत.

येथे एक आक्षेप निघतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. ही पदके परकीय बादशहाची. त्याच्या साम्राज्यासाठी लढलेल्यांच्या खुणा स्वतंत्र देशातील मुलांनी का जपाव्या? आक्षेप घेणाऱ्याच्या देशाभिमानाविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते, की मस्तक बादशहाचे असले तरी कडेवरचे नाव आपल्या माणसाचे आहे. पोटासाठी असो, वडिलांच्या वाटेने असो, तो गेला आणि पुष्कळदा परत आला नाही. त्याला विसरल्याने बादशहाचे काहीच जात नाही. शिवाय स्वतंत्र भारताने आपली पदके स्वतःच्या मनाने घडविली. २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झालेल्या परमवीर चक्राची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखाटली. त्या जन्माने युरोपातील. विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून त्या इथल्याच झाल्या. त्यांनी त्या काशाच्या पदकावर मध्यभागी राजचिन्ह आणि भोवती इंद्राची चार वज्रे घातली. दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या आणि त्यांचे वज्र झाले, ही कथा ज्याला माहीत आहे, त्याला त्या आकृतीचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

आगगाडीच्या वस्तूंचीही कथा अशीच आहे, फक्त तेथे नावाच्या जागी काम असते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडली होती. नावे सर्वांच्या तोंडी आहेत. इंजिने मात्र जपली गेली नाहीत. लोहमार्ग एकेरी असला, की दोन गाड्या समोरासमोर येण्याचे भय असते. त्यासाठी दोन स्थानकांत जोडयंत्रे ठेवलेली असत. त्यांतून एका वेळी एकच धातूचा गोळा बाहेर निघे, आणि तो हाती असल्याखेरीज चालकाने गाडी पुढे न्यावयाची नाही, असा नियम असे. चामड्याच्या पिशवीत घातलेला तो गोळा वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून चालत्या इंजिनातून झेलला जाई. ज्याला ही रीत माहीत नाही, त्याला तो गोळा म्हणजे वजनाचे मापच वाटेल. ज्याला माहीत आहे, त्याला त्यावरील दोन स्थानकांची नावे पाहताच अंधाऱ्या फलाटावर कडे उंच धरून उभा असलेला सांधेवाला दिसेल.

छोट्या जाड पुठ्ठ्याचे तिकीटही आता नाहीसे झाले. इंग्लंडातील टॉमस एडमंडसन या स्थानकप्रमुखाने ते शोधून काढले. आधी तिकिटे हाताने लिहीत. त्याने त्यांवर ओळीने क्रमांक छापले, म्हणून विकलेल्या प्रत्येक तिकिटाचा हिशेब लागू लागला. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली आणि पुढे पंढरपूरला पोहोचली; या शतकाच्या प्रारंभीच्या वर्षांत तो मार्ग रुंद झाला आणि छोटी गाडी गेली. त्या गाडीचे एखादे तिकीट वारकऱ्याच्या पोथीत राहिले असेल, तर ते पोथीतच राहू द्यावे आणि कोणत्या वारीचे ते विचारून घ्यावे. पुष्कळदा ते डिंकाने वहीत चिकटविले जाते आणि मागची बाजू कायमची जाते. रेल्वेच्या आवारातून कंदील किंवा पाटी उचलून आणणे मात्र छंद नव्हे, ती चोरी होय. त्यासाठी १९६६ चा कायदा आहे.

पदके विकत घेण्याइतके पैसे मुलांजवळ नसतात, हे एका अर्थी चांगलेच आहे. पैसे नसलेल्याला विचारावे लागते, लिहून घ्यावे लागते. महाराष्ट्रातील कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवराची एक लहान पाटी बसविलेली आढळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या युद्धात अमुक माणसे गेली, पैकी अमुक जणांनी प्राण दिले, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. तेथेही आकडाच. तो आकडा प्रथम वहीत उतरवावा. मग गावातील जुन्या घरांतून, आजीच्या परवानगीने, पेट्या उघडून पाहाव्या. पदक निघाले तर त्याची कड वाचावी, नाव जसे आहे तसे लिहावे आणि त्या माणसाविषयी घरात जे काही सांगतात, ते त्याच कागदावर टिपून एक प्रत पदकाबरोबर ठेवावी. पदक ज्या घरचे, त्याच घरी राहू द्यावे. पाटीवर प्राण देणाऱ्यांचा आकडा चार असेल आणि वहीत तीनच नावे झाली असतील, तर चौथ्या नावासाठी शेजारच्या आळीत जावे.